भिंतीवरचा सुतार

परदेशी गेलेल्या पाहुण्याला यजमानाच्या घरातील पहिली पहाट नेहमीच थोडी परकी वाटते. पण पेनसिल्व्हेनियातील माझ्या भाचीच्या घरी, एप्रिल महिन्यातील त्या पहिल्या पहाटे, झोपेचे घड्याळ अजून पुण्यातच राहिलेले असताना, जो आवाज माझ्या कानांवर आला तो मुळीच परका नव्हता. कोणीतरी दार वाजवीत होते. आणि तेही एकदा वाजवून थांबणाऱ्या भिडस्त शेजाऱ्यासारखे नव्हे, तर वसुलीला आलेल्या शिपायासारखे, घरातल्याने बाहेर यावेच अशा तगाद्याने. मी उठून दार उघडले. बाहेर थंडी होती, दवाने भिजलेले गवत होते, आणि माणूस म्हणून कोणीही नव्हते. आवाज पुन्हा आला, तो या वेळी डोक्यावरून, वळचणीखालून. इतक्यात भाची जिना उतरून खाली आली आणि जांभई देत म्हणाली, "मामा, दार लावून घ्या. तो माणूस नाही, सुतार आहे. आणि त्याला आम्ही बोलावलेला नाही."

दिवस उजाडल्यावर मी घराभोवती एक फेरी मारली, तेव्हा त्या अनाहूत कारागिराच्या कामाचा पसारा ध्यानात आला. पूर्वेच्या कोपऱ्यातील उभ्या फळीवर बोटाच्या पेराएवढे उथळ टवके जागोजाग उडालेले होते. मागाहून वाढवलेल्या खोलीच्या दक्षिण भिंतीवर, पुरुषभर उंचीला, ओबडधोबड काठांच्या लहान लहान भोकांची एक आडवी ओळ गेलेली होती. आणि पश्चिमेला, वळचणीच्या अगदी खाली, मुठीएवढे एक वाटोळे छिद्र अर्धवट कोरलेले होते. त्याची कड मात्र अशी गोल आणि साफ की पटाशी चालवणाऱ्या कसबी माणसाने शाबासकी द्यावी. या सर्वांवर देखरेख करण्यासाठी जावईबापूंनी छपराच्या कण्यावर प्लास्टिकचे एक डोळे वटारलेले घुबड बसवले होते. त्या घुबडाच्या मस्तकावर एक चिमणी निर्धास्तपणे बसलेली होती.

महसूल खात्यात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हद्दीच्या तंट्यांची सवय असते. वादी काय म्हणतो आणि प्रतिवादी काय म्हणतो हे ऐकून घेण्यापूर्वी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पंचनामा करावा, खुणा पाहाव्यात, वहिवाट कोणाची ते तपासावे, आणि मगच हुकूम लिहावा, हा त्या खात्याचा पहिला धडा. घरात गेले वर्षभर जे उपाय चालले होते ते या धड्याच्या नेमके उलट होते: हुकूम आधी सुटले होते आणि पंचनामा झालाच नव्हता. सहा महिन्यांचा मुक्काम, हाताशी रिकामा वेळ आणि गावातील उत्तम ग्रंथालय एवढ्या भांडवलावर मी ते काम अंगावर घेतले. त्यातून जे हाती आले ते तिकडील आपल्या मंडळींच्या उपयोगी पडेल, आणि इकडच्या वाचकाला कुतूहलापुरते तरी रुचेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

प्रथम घराविषयी. आपल्याकडे घर म्हटले की दगड, वीट, माती, चुना किंवा सिमेंट; लाकूड असलेच तर ते खांबाला, तुळईला, दाराखिडक्यांना. उत्तर अमेरिकेतील बहुसंख्य घरे याच्या उलट रीतीने उभी राहतात. लाकडी वाशांचा एक सांगाडा उभारतात, त्याच्या बाहेरच्या अंगाला लाकडी तक्ते ठोकतात, वाशांमधील पोकळीत थंडी अडवण्यासाठी काचेच्या लोकरीसारखे काही भरतात, आणि या सर्वांवर पाऊस-वारा झेलण्यासाठी एक अखेरचे कवच चढवतात. या कवचाला तिकडे 'साइडिंग' म्हणतात. ते कोठे प्लास्टिकचे असते, कोठे ॲल्युमिनियमचे, कोठे सिमेंटच्या तंतुमय फळ्यांचे. पण ज्यांना घर रानाच्या रंगात मिसळून गेलेले आवडते ते ते लाकडाचे करतात, आणि त्यातही सीडर किंवा रेडवूड या वृक्षांचे. ही लाकडे सहसा कुजत नाहीत, हलकी असतात, आणि मऊ असतात. या तीन गुणांपैकी पहिले दोन घरमालकाच्या कामाचे आणि तिसरा पक्ष्याच्या.

आता पक्ष्याविषयी. सुतार पक्ष्याच्या जगात दोनशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या एका जातीशी तर आपले नावाचेच नाते आहे. दख्खनच्या उघड्या, बाभळीच्या रानांतून दिसणारा, पिवळसर माथ्याचा, पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचा जो लहानसा सुतार, त्याचे शास्त्रीय वर्णन लॅथम नावाच्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८०१ साली केले आणि त्याला नाव दिले ते 'महराटेन्सिस', म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. हा आपला मराठी सुतार आजवर कोणाच्या भिंतीच्या वाटेला गेल्याचे मी ऐकलेले नाही. पण त्यात त्याच्या सौजन्याचा भाग किती आणि आपल्या भिंती दगडाविटांच्या असण्याचा किती, हे सांगणे अवघड आहे. त्याचे अमेरिकेतील भाऊबंद वीस-बावीस जातींचे आहेत. चिमणीहून थोडा मोठा, काळा-पांढरा डाउनी हा त्यांतील सर्वांत धाकटा. कावळ्याएवढा, लाल तुऱ्याचा पायलिएटेड हा थोरला. आणि मधल्या आकाराचा, तपकिरी अंगाचा, छातीवर काळी चंद्रकोर मिरवणारा आणि जमिनीवर उतरून मुंग्या टिपणारा तो फ्लिकर. भाचीच्या वळचणीखालील वाटोळे छिद्र या फ्लिकरचे होते.

या कुलाची शरीररचना म्हणजे एका धंद्यासाठी घडवलेले हत्यार आहे. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे, त्यामुळे उभ्या खोडाला ती चिमट्यासारखी धरतात. शेपटीची पिसे ताठ आणि चिवट, त्यामुळे ती तिसऱ्या पायासारखी टेकू देतात. नाकपुड्यांवर राठ पिसांचे आच्छादन, त्यामुळे लाकडाचा भुसा आत जात नाही. जीभ इतकी लांब की तिला आधार देणारी हाडे आणि स्नायू कवटीच्या मागून वळसा घेऊन माथ्यावरून पुढे नाकपुडीपर्यंत येतात. तिच्या टोकाला काटे आणि अंगाला चिकट लाळ, त्यामुळे बिळाच्या तळाशी लपलेली अळीही सुटत नाही. इतके घाव घालूनही त्याचा मेंदू शाबूत कसा राहतो, या प्रश्नाला 'कवटीत धक्का शोषणारी गादी असते' असे उत्तर पुष्कळ वर्षे दिले जात असे. २०२२ साली बेल्जियममधील अँटवर्प येथील संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रणाने दाखवून दिले की असे काही नसते: सुताराचे डोके हातोड्यासारखे ताठच आदळते, कारण धक्का शोषणारा हातोडा घाव काय घालणार? मेंदू वाचतो तो लहान असल्यामुळे. दुखापत होण्यासाठी जेवढा जोर लागेल तेवढा या घावांत निर्माणच होत नाही.

असा हा प्राणी घराच्या भिंतीवर येतो, तेव्हा 'तो घर फोडतो' एवढे म्हणून भागत नाही. कारण तो कशासाठी आला आहे यावर त्याला परतवण्याचा सारा बंदोबस्त अवलंबून असतो. येण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत, आणि प्रत्येक कारणाची सही भिंतीवर निराळी उमटते. छिद्र वाचता आले की अर्धे प्रकरण निकालात निघते.

पहिले कारण म्हणजे दवंडी. बहुतेक पक्षी गाऊन आपली हद्द जाहीर करतात. सुताराला गळा नाही, म्हणून तो नगारा वाजवतो. हिवाळा सरत असताना आणि वसंतात, भल्या पहाटे, नर आणि मादी दोघेही एखाद्या पोकळ, नादावणाऱ्या वस्तूवर चोचीचे अतिद्रुत घाव घालतात. 'ही जागा माझी आहे' आणि 'मला जोडीदार हवा आहे' हे दोन्ही मजकूर त्याच एका नादात असतात. रानात याला वठलेली फांदी पुरते. वस्तीत त्याहून उत्तम वाद्ये मिळतात. छपराची पत्र्याची पन्हळ, धुराड्यावरची टोपी, आणि आत पोकळी असलेली कोपऱ्याची फळी ही त्याची आवडती. यात पोखरण्याचा उद्देश नसल्यामुळे नुकसान थोडे होते, उथळ टवक्यांपलीकडे सहसा जात नाही, आणि विणीचा हंगाम पुढे सरकला की ते आपोआप थांबते. माझी पहिली पहाट ज्याने मोडली तो हाच दवंडीवाला, आणि पूर्वेच्या फळीवरील टवके त्याचे.

दुसरे कारण पोट. प्लायवूडच्या ज्या तक्त्यांवर शोभेसाठी उभ्या खाचा पाडलेल्या असतात, त्यांत एक दोष उपजत असतो: खाच पाडताना आतल्या थरांतील फटी उघड्या पडतात, आणि त्या अरुंद, आडव्या बोगद्यांत पाने कातरणाऱ्या माश्या अंडी घालतात. सीडरच्या फळ्यांत सुतार भुंगे बिळे करतात आणि आपली पिल्ले ठेवतात. बाहेरून भिंत अखंड दिसते. सुतार चोच टेकवतो, आत काय वळवळते ते ओळखतो, आणि बोगद्याच्या रोखाने एकामागून एक भोके पाडत जातो. म्हणून अशी भोके लहान, ओबडधोबड आणि बहुधा एका ओळीत असतात. दक्षिण भिंतीवरची ओळ हीच होती. जावईबापूंना ती उपद्रवाची खूण वाटली. मला ती तपासणीसाचा अहवाल वाटली. घराला कीड लागली आहे ही खबर त्या पक्ष्याने फुकट दिली होती. तेव्हा तिथे खबऱ्याला हाकलण्याआधी किडीचा समाचार घेणे आवश्यक होते.

तिसरे कारण निवारा, आणि खरे नुकसान येथे होते. वसंतात घरट्यासाठी आणि पुन्हा शरदात, हिवाळ्याच्या रात्री काढण्यासाठी, सुतार ढोली कोरतो. ती वाटोळी, खोल आणि देखणी असते. भिंतीत ती कोरताना कवच आणि तक्ता ओलांडून पक्षी आतल्या मऊ भरावापर्यंत पोचला की त्याला मनाजोगता पोकळ वृक्षच गवसल्यासारखे होते. आणि त्या छिद्रातून पुढे पावसाचे पाणी, खारी व इतर पाखरे यांना वाट मिळते. कॅलिफोर्नियाकडे याशिवाय एक चौथा प्रकार आहे. तेथील एक जात ओकची फळे हिवाळ्यासाठी साठवते, आणि प्रत्येक फळासाठी एक स्वतंत्र, मापाचे भोक पाडते. पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेलेल्या एखाद्या झाडावर अशी पन्नास हजारांपर्यंत कोठारे आढळतात. त्या टोळीला झाडाऐवजी लाकडी घर पसंत पडले, तर त्या घराची काय कळा होत असेल ते वेगळे सांगायला नको.

पंचनामा झाला, म्हणजे हुकमाकडे वळावे; पण येथे सरकारचा एक जुना हुकूम आडवा येतो. अमेरिकेने १९१६ साली, कॅनडाच्या वतीने बोलणाऱ्या ब्रिटनशी, स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा तह केला आणि १९१८ साली त्याची अंमलबजावणी करणारा कायदा मंजूर केला. त्या कायद्याच्या यादीत तेथील सुतार पक्षीही आहेत. त्यांना मारणे, पकडणे, अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे मोडणे हा गुन्हा ठरतो, आणि त्याला पंधरा हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. अगदीच निरुपाय झाल्यास संघसरकारच्या मत्स्य व वन्यजीव खात्याकडे अर्ज करून परवाना मागता येतो, पण इतर सारे उपाय करून झाल्याची खात्री पटल्याशिवाय तो मिळत नाही. तेव्हा बंदूक आणि विष हे दोन्ही मार्ग बंद. भिंतीला चिकट लेप फासण्याचा तिसरा मार्ग काहीजण सुचवतात. तोही टाळावा, कारण तो पिसांना चिकटून पक्ष्याला जायबंदी करतो आणि भिंतीवर डाग पाडतो ते निराळेच.

उरला मार्ग एकच: पक्ष्याला भिंत नकोशी करणे. या धंद्यात तिकडच्या बाजारात बुजगावण्यांची नुसती जत्रा भरलेली असते, आणि त्यांतील कोणते खरे कोणते खोटे याची रीतसर कसोटी न्यू यॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी घेतली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. कागदी पंखांचे प्लास्टिकचे घुबड, दोरीवर टांगलेले प्लास्टिकचे मोठे डोळे, सुताराच्या संकटातील आक्रोशामागून ससाण्याची किंकाळी ऐकवणारे यंत्र, चरबीच्या खाद्याची टांगती पात्रे, निवाऱ्याच्या लाकडी पेट्या आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या चकचकीत फिती, असे सहा उपाय त्यांनी ज्यांना उपद्रव होत होता अशा घरांवर लावून पाहिले. घुबड आणि यंत्र यांनी प्रथम पक्षी बिचकले, पण पुढे सरावले. सातत्याने काही गुण आला तो एकट्या फितींचा. आणि त्यांनीही नुकसान पुरते थांबवले ते सुमारे निम्म्या घरांवर. आमच्या कण्यावरच्या घुबडावर चिमणी का बसली होती, याचा खुलासा येथे झाला. जे हलत नाही ते भीती घालत नाही. आपल्या शेतातले बुजगावणेही वाऱ्याने हात हलवते तोवरच राखण करते.

घुबडांच्या बाबतीत याहून भारदस्त दाखला अमेरिकेच्या अवकाश खात्याच्या दप्तरी आहे. १९९५ च्या मे महिन्याअखेर फ्लोरिडातील केनेडी केंद्रावर 'डिस्कव्हरी' हे अवकाशयान उड्डाणासाठी उभे असताना फ्लिकर पक्ष्यांनी त्याच्या इंधनटाकीवरील नारिंगी फेसाचे आवरण कोरायला घेतले. ही टाकी सुमारे सत्तेचाळीस मीटर उंच. पक्ष्याच्या दृष्टीने ते मऊ सालीचे, फांद्या झडून गेलेले, भव्य असे वठलेले झाड. दोनशेच्या आसपास छिद्रे पडली. पृथ्वीची प्रदक्षिणा करायला निघालेले यान दुरुस्तीसाठी कारखान्यात परत न्यावे लागले, आणि जूनच्या आरंभी व्हायचे उड्डाण १३ जुलैला झाले. त्यानंतर त्या तळावर पक्षी हुसकण्यासाठी प्लास्टिकची घुबडे, फुगे आणि भोंगे आले खरे. पण त्यांच्याबरोबर डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी माणसेही ठेवावी लागली. ज्यांच्या पदरी इतके शास्त्रज्ञ, त्यांना जर पहारेकरी नेमावे लागले, तर जावईबापूंनी एका घुबडावर भिस्त ठेवली याबद्दल त्यांना फारसा दोष देता येणार नाही.

आता प्रत्यक्ष तजवीज सांगतो. सर्वांत पहिली गोष्ट वेळेची: पहिला टवका दिसला त्याच आठवड्यात हालचाल करावी. पक्ष्याची वहिवाट एकदा पडली की ती मोडणे माणसाच्या वहिवाटीइतकेच कठीण जाते. दवंडीवाल्यासाठी वाद्य बेसूर करावे, म्हणजे पोकळ फळीच्या मागे भराव भरावा, नादावणाऱ्या पन्हळीवर हंगामापुरते जाड कापड बांधावे. नाद बसला की त्याला त्या जागेत रस उरत नाही. खाणाऱ्यासाठी किडीचा बंदोबस्त करावा, आणि तो झाल्यावर फटी व भोके लांबी भरून बुजवावीत. नुसती लांबी भरली आणि अळ्या आतच राहिल्या, तर तो ताट झाकून पाहुण्याला उठवण्याचा प्रकार होतो, पाहुणा झाकण काढतोच. निवारा शोधणाऱ्यासाठी मात्र लांबी कुचकामाची. त्या जागी पत्र्याचा तुकडा ठोकून तो भिंतीच्या रंगाने रंगवावा, कारण चोच पत्र्यावर घसरते. आणि हे करण्यापूर्वी छिद्रात अंडी किंवा पिल्ले नाहीत याची खात्री करून घ्यावी. असली तर अंडी घालण्यापासून पिल्ले उडून जाईपर्यंत सुमारे दीड महिन्याची मुदत घरमालकाने मुकाट्याने द्यावी. कायदाही तेच सांगतो, आणि कायदा नसता तरी पिल्ले भिंतीत चिणण्याचे पातक कोणी पत्करले नसते.

चकचकीत फिती वळचणीपासून मोकळ्या सोडाव्यात, त्यांची खालची टोके बांधू नयेत, आणि जेथे वारा पोचत नाही तेथे त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. याहून खात्रीचा उपाय हवा असेल तर जाळे. सुमारे पाऊण इंच घराचे, हलके, दुरून न दिसणारे जाळे वळचणीच्या बाहेरच्या कडेपासून भिंतीच्या पायथ्यापर्यंत ताणून बांधतात. ते भिंतीपासून निदान तीन इंच दूर असावे, म्हणजे जाळ्यातून चोच घालूनही ती लाकडाला लागत नाही, आणि त्याच्या बाजू बंद असाव्यात, म्हणजे पक्षी आत शिरून अडकत नाही. उपाय मेहनतीचा आहे, पण तो भीतीवर अवलंबून नसल्यामुळे त्याची सवयही होत नाही. नवे घर बांधणाऱ्यांसाठी मात्र सर्वांत स्वस्त उपाय नकाशावरच करण्याजोगा आहे. रानालगतच्या घरांना खाचांचे प्लायवूड टाळावे, सीडरऐवजी सिमेंटच्या तंतुमय फळ्या वापराव्यात, आणि लाकूडच हवे असेल तर त्याला मातकट रोगणाऐवजी पांढरा किंवा फिकट रंग द्यावा. कारण मातकट, खोडासारख्या रंगाची घरे अधिक फोडली जातात असे इथाकाच्या त्याच अभ्यासकांना आढळले.

रंगाविषयीची ही बाब वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. माणूस रानाच्या कडेला येतो, सालीच्या रंगाचे घर बांधतो, त्याच्या भिंती आतून पोकळ आणि बाहेरून मऊ ठेवतो, त्यांत नकळत अळ्यांची सोय करतो, आणि मग अंगणातील एकूण एक वठलेले झाड, ते वादळात छपरावर पडेल या भयाने, तोडून टाकतो. पुढे जो पक्षी येतो त्याला झाडासारखी दिसणारी, झाडासारखी वाजणारी आणि झाडासारखी खायला देणारी एकच वस्तू त्या परिसरात शिल्लक दिसते. त्याचा दावा खोटा म्हणावा तरी कोणत्या पुराव्यावर? ढोली कोरणारा सुतार आपली जुनी ढोली सोडून गेला की तीत इतर कितीतरी पाखरे संसार थाटतात, ज्यांच्या स्वतःच्या चोचीला कोरण्याचे बळ नसते. म्हणजे एका वठलेल्या झाडाबरोबर सबंध चाळ पाडली जाते.

भाचीच्या अंगणात, मागच्या कुंपणाशी, असा एक वठलेला ओक उभा होता, आणि तो तोडण्याचा करार जावईबापूंनी आधीच केलेला होता. मी मध्यस्थी केली. घरापासून तो लांब असल्यामुळे, झाड तोडणाऱ्याने त्याच्या धोक्याच्या फांद्या आणि शेंडा उतरवून दोन पुरुष उंचीचे खोड तसेच ठेवावे, असे ठरले. मजुरीही थोडी कमी पडली. जून महिन्यात दक्षिण भिंतीची कीड निघाली आणि भोके बुजली. कोपऱ्याच्या फळीमागे भराव गेला. पश्चिमेचे छिद्र फ्लिकरच्या जोडीने, आमच्या वर्दळीला कंटाळून असेल, अर्धेच सोडून दिले होते. त्यावर पत्रा ठोकला आणि वर फिती सोडल्या. घुबड उतरवून लहान नातवाला खेळायला दिले.

ऑक्टोबरात माझ्या परतीच्या दोन दिवस आधी, पहाटे, तोच ठोक्यांचा आवाज पुन्हा आला. मी दाराकडे गेलो नाही. मागच्या खिडकीचा पडदा सारला. ओकच्या खोडावर एक चिमुकला डाउनी, हिवाळ्यातील रात्रींची सोय करण्यासाठी, मन लावून ढोली कोरीत होता, आणि त्याच्या चोचीतून उडणारा भुसा खालच्या गवतावर पडत होता. भाचीही आवाजाने उठून आली. "म्हणजे मामा, मिटलं का आता प्रकरण?" तिने विचारले. मी म्हटले, हद्दीचे तंटे मिटत नसतात. पुरावा झाला, उभयतांनी जागा मान्य केली, एवढे लिहून कागद ठेवून द्यायचे आणि वर पुढली तारीख टाकायची. स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिने हसत हसत पुढल्या एप्रिलची नोंद केली: वळचण तपासणे.